कोणाची पेशी? : भ्रूणातील संघटकाच्या शोधाची हकिकत

जूनमधला पाऊस एकदा नीट लागला, की गावाबाहेरच्या डबक्यांत आणि भाताच्या खाचरांत बेडकांचे डराँव डराँव सुरू होते. एकदोन दिवसांनी पाण्याच्या कडेला शिजवलेल्या साबुदाण्यासारखा एक चिकट पुंजका दिसतो. प्रत्येक दाण्याच्या मधोमध एक काळा ठिपका असतो. हा ठिपका म्हणजे बेडकाचे अंडे, म्हणजेच एक पेशी. तिच्या दोन होतात, दोनांच्या चार, चारांच्या आठ. आणि थोड्याच दिवसांत त्या ठिपक्याला डोके आणि शेपटी येऊन तो वळवळू लागतो.

बेडकाच्या जीवनचक्राचे हे चित्र आपण फळ्यावर अनेकदा काढले आहे. ते काढताना एखादा विद्यार्थी असा प्रश्न विचारतो, की आपला खडू थांबावा. सुरुवातीच्या पेशी तर सगळ्या सारख्याच दिसतात. मग यातल्या कोणी मेंदू व्हायचे आणि कोणी कातडी व्हायचे, हे त्यांना सांगते कोण? आपण बहुधा ‘जनुके’ असे उत्तर देऊन पुढे जातो. पण शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींत जनुके तीच असतात, हेही आपणच शिकवलेले असते. मग त्या उत्तराने प्रश्न सुटला कुठे?

या प्रश्नाला प्रयोगाने भिडण्याची एक मोठी हकिकत जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात घडली. तिचा मुख्य निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्या निबंधातला प्रयोग शंभर वर्षांनंतरही उभा आहे. त्याचे त्या काळी केलेले स्पष्टीकरण मात्र पार बदलले. असे का झाले, ते आपण क्रमाने पाहू.

अर्धा की पूर्ण?

अंड्यात सगळे अवयव आधीपासूनच सूक्ष्म रूपात तयार असतात आणि ते नुसते मोठे होतात, की ते एकेक करून नव्याने घडतात, हा वाद फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो वाद तत्त्वज्ञानाकडून प्रयोगशाळेकडे आला.

१८८८ साली विल्हेल्म रू या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाचे दोन पेशींच्या अवस्थेतले भ्रूण घेतले आणि त्यातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली. उरलेल्या पेशीपासून अर्धाच भ्रूण तयार झाला. म्हणजे प्रत्येक पेशीच्या वाट्याला शरीराचा ठराविक भाग आधीच नेमून दिलेला असावा, असा निष्कर्ष त्याने काढला. तीनच वर्षांनी, १८९१ मध्ये, हान्स ड्रीश याने समुद्री अर्चिनचे दोन पेशींचे भ्रूण जोराने हलवून त्यांच्या पेशी सुट्या केल्या. रूचे म्हणणे खरे तर प्रत्येकीपासून अर्धी अळी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात आकाराने लहान पण पूर्ण अशा दोन अळ्या झाल्या.

दोघांचेही प्रयोग प्रामाणिक होते. फरक एवढाच होता, की रूच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटून राहिली होती. पुढे १९१० मध्ये बेडकाच्या भ्रूणातली एक पेशी नळीने पूर्णपणे शोषून काढली गेली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून पूर्ण भ्रूण झाला. शेजारी कोणी आहे की नाही, ते मेलेले का असेना, यावरून पेशीचे वागणे बदलते, अशी ही पहिली सूचना होती.

बाळाचा केस

हान्स स्पेमान यांचा जन्म १८६९ साली श्टुटगार्ट येथे झाला. वुर्झबुर्ग विद्यापीठात त्यांनी थिओडोर बोव्हेरी यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचे धडे घेतले. मध्यंतरी त्यांना क्षयाची बाधा झाली. विश्रांतीच्या काळात त्यांनी ऑगस्ट वाइझमान यांचे आनुवंशिकतेवरील पुस्तक वाचले, आणि त्यातल्या कल्पना प्रयोगाने पडताळून पाहायच्या असे त्यांच्या मनाने घेतले.

प्रयोगासाठी त्यांनी न्यूट हा प्राणी निवडला. न्यूट हा बेडकासारखाच उभयचर, पण त्याची शेपटी आयुष्यभर राहते. आपल्या महाराष्ट्रात तो आढळत नाही. भारतात त्याचा एक भाऊबंद दार्जिलिंगच्या बाजूला डोंगरातल्या तळ्यांत राहतो. न्यूटचे अंडे दीडदोन मिलिमीटरचे. एवढ्या अंड्याचे दोन भाग करायला सुरी चालणार नाही आणि दोराही चालणार नाही. स्पेमान यांनी तान्ह्या बाळाचा मऊ केस घेतला, त्याचा फास केला आणि दोन पेशींच्या मधल्या खोबणीत तो हळूहळू आवळला.

निकाल दोन प्रकारचे मिळाले. काही वेळा दोन पूर्ण भ्रूण झाले. काही वेळा मात्र एक पूर्ण भ्रूण आणि दुसरा नुसता पोटाचा गोळा झाला. त्या गोळ्यात ना मेंदू, ना पाठीचा कणा. फास कोणत्या दिशेने बसला यावर हे अवलंबून होते. अंड्याचा जो भाग पुढे पाठ होणार असतो, त्याचा वाटा दोन्ही अर्ध्यांना मिळाला तर दोन्ही पूर्ण. एकालाच मिळाला तर दुसरा अपुरा. म्हणजे अंड्याच्या एका विशिष्ट भागात काहीतरी विशेष होते.

१९०१ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बेडकाच्या भ्रूणात मेंदूपासून निघालेला डोळ्याचा कोंब कातडीला जाऊन टेकतो आणि तेथील कातडीपासून नेत्रभिंग बनते. स्पेमान यांनी एका बाजूचा हा कोंब सुईने नष्ट केला. त्या बाजूला नेत्रभिंग बनलेच नाही. एका भागाने शेजारच्या भागाला विशिष्ट अवयव बनवण्यास प्रवृत्त करणे, याला पुढे ‘प्रवर्तन’ हे नाव रूढ झाले. गमतीची गोष्ट अशी, की बेडकाच्या दुसऱ्या एका जातीत डोळ्याच्या कोंबाशिवायही नेत्रभिंग बनते, असे नंतर आढळले. एका जातीवरून सर्वांबद्दल बोलू नये, हा धडा स्पेमान यांना लवकर मिळाला.

एक हट्टी तुकडा

यापुढचे प्रयोग समजण्यासाठी भ्रूणाची एक अवस्था डोळ्यांसमोर आणायला हवी. पेशींची संख्या वाढत गेली, की भ्रूण पोकळ चेंडूसारखा होतो. मग त्याच्या एका बाजूला एक बारीक खाच पडते आणि पृष्ठभागावरच्या पेशी त्या खाचेतून आत शिरू लागतात. हवा गेलेला रबरी चेंडू अंगठ्याने आत दाबावा, तसे काहीसे हे घडते. या अवस्थेला गॅस्ट्रुला म्हणतात आणि खाचेला ब्लास्टोपोर; आपण तिला नुसती खाच म्हणू. खाचेच्या वरच्या कडेला ‘वरचा ओठ’ म्हणतात. ओठातून आत गेलेल्या पेशींपासून मुख्यतः पृष्ठरज्जू आणि पाठीचे स्नायू बनतात, आणि त्यांच्यावरच्या बाह्यस्तराची वळकटी होऊन मज्जानलिका, म्हणजे भावी मेंदू आणि मेरुरज्जू तयार होतो.

स्पेमान यांनी गॅस्ट्रुलाच्या सुरुवातीला दोन भ्रूणांतले तुकडे अदलाबदल करून पाहिले. पुढे मेंदू होणारा तुकडा भावी कातडीच्या जागी बसवला, तर तो मुकाट्याने कातडी झाला. कातडीचा तुकडा मेंदूच्या जागी बसवला, तर तो मेंदू झाला. हीच अदलाबदल गॅस्ट्रुला अवस्थेच्या शेवटी केली, तर मात्र तुकडे ऐकेनासे झाले. मेंदूचा तुकडा पोटावरही मेंदूच झाला. म्हणजे पेशींचे भवितव्य या थोड्या काळातच ठरत होते.

याला अपवाद एकाच जागेचा होता. वरच्या ओठाचा तुकडा सुरुवातीलाच काढून दुसरीकडे बसवला, तरी तो नव्या जागेचे ऐकत नसे. उलट त्या जागी मज्जानलिकेची दुसरी सुरुवात दिसू लागे. हे निरीक्षण स्पेमान यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केले. पण ही दुसरी मज्जानलिका कोणाच्या पेशींची होती? बसवलेल्या तुकड्याच्या, की ज्या भ्रूणावर तो बसवला त्याच्या? दोन्ही भ्रूण एकाच जातीचे, एकाच रंगाचे. तुकडा एकदा जुळून गेला, की कोणती पेशी कोणाची हे सांगायला मार्ग नव्हता. बसवलेल्या तुकड्यातूनच ती झाली असावी, असे स्पेमान यांनी आधी धरून चालले होते.

आंब्याच्या कलमाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधली, तर काडीला हापूस लागतो आणि खालचा खुंट रायवळच राहतो. दोघे एकमेकांना धरून वाढतात, पण आपली जात आणि आपले काम सोडत नाहीत. भ्रूणातही असेच होत असेल, तर ओठाचा तुकडा नव्या जागी स्वतःच वाढला, एवढाच त्याचा अर्थ. पण समजा, हापूसच्या काडीशेजारी रायवळच्याच सालीतून एक नवे, मुळाशेंड्यासह झाड उभे राहिले, तर? मग काडीने शेजाऱ्याला काही ‘सांगितले’, असे म्हणावे लागेल. या दोहोंपैकी कोणते खरे, हाच प्रश्न होता.

हिल्डे यांचे दोन वसंत ऋतू

१९१९ मध्ये स्पेमान फ्रायबुर्ग विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. जर्मनीत टंचाई होती आणि महागाई वाढत होती. अशा दिवसांत, १९२० साली, हिल्डे प्रोशोल्ट ही गोथा गावची विद्यार्थिनी त्यांच्याकडे आली. तिचा जन्म १८९८ चा. फ्रँकफुर्ट येथे असताना तिने स्पेमान यांचे व्याख्यान ऐकले होते आणि त्यावरून हाच विषय घ्यायचे ठरवले होते. १९२१ मध्ये स्पेमान यांचे सहायक ओटो मँगोल्ड यांच्याशी तिचा विवाह झाला. म्हणून विज्ञानाच्या इतिहासात त्या हिल्डे मँगोल्ड या नावाने ओळखल्या जातात.

स्पेमान यांनी त्यांना आधी एक निराळाच विषय दिला होता. अठराव्या शतकात आब्राहाम ट्रेंब्ले यांनी हायड्रा हा चिमुकला प्राणी मोज्यासारखा उलटा करून दाखवला होता. तो प्रयोग पुन्हा करून आतला थर बाहेर आल्यावर काय होते, ते पाहायचे होते. हायड्रा काही केल्या दाद देईना. हिल्डे निराश झाल्या. तेव्हा १९२१ च्या वसंत ऋतूत त्यांना वरच्या ओठाचा विषय मिळाला.

प्रयोगाची सगळी मदार एका साध्या युक्तीवर होती. न्यूटच्या एका जातीचे भ्रूण रंगद्रव्यामुळे गडद दिसतात; दुसऱ्या, म्हणजे तुरेवाल्या न्यूटचे भ्रूण जवळजवळ पांढरे असतात. पांढऱ्या भ्रूणाचा ओठ काढून गडद भ्रूणाच्या कुशीला बसवायचा. मग भ्रूण वाढल्यावर त्याचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. फिकी पेशी दिसली तर ती पाहुण्याची, गडद दिसली तर यजमानाची. दोन जातींची ही जोडी स्पेमान यांनी आधीच वापरून पाहिली होती. ओठाच्या प्रश्नावर ती हिल्डे यांच्या हातून लागली.

युक्ती साधी होती, काम नव्हे. न्यूट वर्षातून एकदाच, वसंत ऋतूत अंडी घालतो. म्हणजे वर्षाकाठी काही आठवडेच हाताशी. अंड्याभोवतीचा चिकट वेष्टनाचा थर चिमट्यांनी सोलायचा. हत्यारे म्हणजे तापवून ओढलेल्या काचेच्या सुया, बाळाच्या केसाचा फास आणि बारीक काचनळ्या, सगळी घरी केलेली. तुकडा काढायचा, खळग्यात बसवायचा आणि जखम भरेपर्यंत काचेच्या पुलाखाली दाबून ठेवायचा. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. उघडा केलेला भ्रूण जंतूंना लवकर बळी पडे, आणि बरेचसे भ्रूण निकाल दिसण्याआधीच मरून जात. १९२१ आणि १९२२ असे दोन हंगाम हिल्डे यांनी हे काम केले. शेवटी निबंधात सविस्तर वर्णन करता आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच भ्रूणांचे.

पण ते भ्रूण बोलके होते. गडद भ्रूणाच्या कुशीवर दुसरा भ्रूण उभा राहिला होता. त्याला स्वतःची मज्जानलिका, पृष्ठरज्जू आणि स्नायूंच्या गाठी होत्या. काप पाहिले तेव्हा उत्तर स्वच्छ दिसले. पृष्ठरज्जू मुख्यतः फिक्या, म्हणजे पाहुण्याच्या पेशींचा होता. मज्जानलिका मात्र जवळजवळ सगळी गडद होती, तिच्या तळाला फिक्या पेशींची एक चिंचोळी पट्टी तेवढी होती. स्नायूंत दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या होत्या. एरवी पोटाची कातडी झाल्या असत्या अशा यजमानाच्या पेशी पाहुण्याच्या सांगण्यावरून मेंदू आणि मेरुरज्जू झाल्या होत्या. शिवाय हे सगळे विस्कळित नव्हते. दोघांच्या पेशींनी मिळून एकच सुसंगत शरीर घडवले होते. म्हणून स्पेमान यांनी त्या तुकड्याला ‘संघटक’ म्हटले.

काम कोणाचे?

हिल्डे यांना १९२३ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्यांना मुलगा झाला. १९२४ मध्ये पतीबरोबर त्या बर्लिनला राहायला गेल्या. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी, स्वयंपाकघरातल्या शेगडीचा भडका उडून झालेल्या जखमांनी त्यांचे निधन झाले. वय होते पंचवीस. त्यांचा निबंध त्याच वर्षी छापून आला. त्याचे किती दूरवर पडसाद उठले, ते पाहायला त्या राहिल्या नाहीत. भ्रूणावस्थेतील संघटक-परिणामाच्या शोधासाठी १९३५ सालचे शरीरक्रियाशास्त्र वा वैद्यक विषयाचे नोबेल पारितोषिक हान्स स्पेमान यांना एकट्याला मिळाले.

निबंधावर दोन नावे आहेत, पहिले स्पेमान यांचे. हिल्डे यांचे सहाध्यायी व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी पुढे आठवणी लिहिताना सांगितले आहे, की इतर विद्यार्थ्यांनी आपले प्रबंध स्वतःच्या एकट्याच्या नावाने प्रसिद्ध केले होते; हिल्डे यांच्या बाबतीत गुरूंनी आपले नाव आधी घातले आणि ते त्यांना रुचले नव्हते. न्यायाने पाहायचे तर दोन्ही बाजू मांडायला हव्यात. प्रश्न स्पेमान यांच्या वीस वर्षांच्या कामातून आला होता. पद्धती, हत्यारे आणि दोन न्यूटांची युक्तीही त्यांची होती. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया मात्र हिल्डे यांच्या हातच्या होत्या, याबद्दल कोणाचाही वाद नाही. मृत व्यक्तीला नोबेल देण्याची प्रथा नाही, त्यामुळे त्या हयात असत्या तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. विद्यार्थ्याच्या प्रबंधातले काम नोबेलच्या केंद्रस्थानी असावे, असे मात्र फार क्वचित घडले आहे.

आणखी एक नाव सांगायला हवे. १९०९ साली अमेरिकेत एथेल ब्राऊन या संशोधक विद्यार्थिनीने हायड्राच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या अंगावर बसवला, तेव्हा तेथे नवा हायड्रा फुटला. कोणाच्या पेशी कोणत्या हे ओळखण्यासाठी तिनेही रंगातल्या फरकाचा उपयोग केला होता. यजमानाच्या पेशी नव्या शरीरात सामील होतात, हे तिने दाखवले. ‘संघटक’ हा शब्द तिने वापरला नाही आणि तिचे काम बराच काळ मागे पडले. कोणती पेशी कोणाची हे रंगावरून ठरवता आले. कोणते काम कोणाचे, हे ठरवायला तसा रंग मिळत नाही. जुने निबंध आणि आठवणी पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात.

चुकीच्या वस्तूचा शोध

संघटकाची बातमी पसरल्यावर साहजिकच सर्वांना वाटले, की त्या तुकड्यात ‘मेंदू हो’ असे सांगणारा एखादा रासायनिक पदार्थ असणार. तो सापडला, की कोडे सुटले. १९३० नंतर जर्मनी आणि इंग्लंडमधल्या प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या.

१९३२ मध्ये पहिला धक्का बसला. संघटक उकळून किंवा अल्कोहोलात टाकून मारला, तरी तो यजमानाच्या पेशींपासून मज्जापेशी बनवून घेतो, असे स्पेमान यांच्याच परंपरेतल्या संशोधकांना दिसले. मेलेला संघटक संघटन कसे करील? त्यानंतर योहानेस होल्टफ्रेटर यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या ऊतींचे तुकडे वापरून पाहिले. यकृत, मूत्रपिंड, कशानेही थोडेफार प्रवर्तन होई. १९३६ मध्ये केंब्रिजच्या कॉनराड वॉडिंग्टन, जोसेफ नीडहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथिलीन ब्ल्यू या रंगानेही ते घडवून दाखवले. हा रंग भ्रूणात नसतोच. पुढे १९४० च्या दशकात तर नुसत्या क्षारांच्या द्रावणाने इजा झालेल्या बाह्यस्तराच्या पेशीही मज्जापेशी होतात, असे आढळले. ज्या कुलपाला कोणतीही किल्ली लागते, त्याची खरी किल्ली ओळखायची कशी?

बाहेरची परिस्थितीही बिघडत गेली. १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या वंशविषयक कायद्यामुळे हॅम्बर्गर यांची फ्रायबुर्गची नोकरी गेली. ते तेव्हा अमेरिकेत होते, आणि तेथेच सेंट लुइसला राहिले. होल्टफ्रेटर यांनी १९३९ मध्ये देश सोडला. ज्या विद्यापीठात हा विषय वाढला, तेथील माणसे अशी पांगली. स्पेमान १९४१ मध्ये वारले. फिनलंड, हॉलंड, जपान येथल्या काही प्रयोगशाळांनी काम चालू ठेवले, पण संघटकाचा पदार्थ म्हणजे हाती न लागणारी वस्तू, असे बहुतेकांना वाटू लागले.

‘हो’ नव्हे, ‘नको’

उत्तर येण्यास जवळजवळ सत्तर वर्षे लागली. तोवर जनुके वेगळी काढून वाचण्याची तंत्रे हाती आली होती, आणि न्यूटची जागा झेनोपस या आफ्रिकी बेडकाने घेतली होती. त्याला वर्षभर केव्हाही अंडी घालायला लावता येते.

१९८९ च्या सुमारास एक चमत्कारिक गोष्ट स्पष्ट झाली. झेनोपसच्या बाह्यस्तराच्या पेशी एकत्र ठेवल्या तर त्या कातडी होतात. पण त्या काही तास एकमेकींपासून सुट्या करून ठेवल्या, तर संघटकाशिवायच मज्जापेशी होतात. म्हणजे त्यांना मेंदू होण्याचा निरोप लागतच नव्हता! उलट शेजारणींकडून येणारा एखादा निरोप त्यांना मेंदू होण्यापासून अडवून कातडीकडे वळवत असला पाहिजे. हा निरोप बीएमपी-४ नावाच्या प्रथिनाचा आहे, हे पुढच्या काही वर्षांत ठरले. या गटातल्या प्रथिनांचा शोध हाडांच्या वाढीसंबंधात लागला होता, म्हणून नावात हाड आले. भ्रूणात मात्र ते कातडी होण्याचा आदेश देते.

त्याच वेळी संघटकात काय असते, तेही कळू लागले. १९९२ मध्ये बर्कले येथे नॉगिन आणि १९९४ मध्ये लॉस एंजेलिस येथे कॉर्डिन ही दोन प्रथिने सापडली. दोन्ही संघटकाच्या पेशींतून बाहेर पडतात. १९९६ मध्ये त्यांचे काम उलगडले. ती बीएमपी-४ ला पेशीबाहेरच पकडून ठेवतात आणि त्याला पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. म्हणजे संघटक ‘मेंदू हो’ असे सांगत नव्हता. ‘कातडी हो’ हा आदेश तो वाटेतच अडवत होता.

आता १९३० आणि १९४० च्या दशकांतले कोडे आपोआप सुटते. पेशींना इजा झाली, त्या सैल झाल्या किंवा सुट्या पडल्या, की त्यांच्यातला बीएमपीचा निरोप दुबळा होतो आणि त्या आपल्या मूळ कलाप्रमाणे मज्जापेशी होतात. होल्टफ्रेटर यांचे निष्कर्ष चुकीचे नव्हते. तेव्हा सगळे जण आदेश देणारा शोधत होते. खरोखर शोधायला हवा होता तो आदेश अडवणारा. अर्थात चित्र एवढ्यावर संपत नाही. डोके आणि धड यांचा फरक ठरवायला आणखी प्रथिने लागतात, आणि बीएमपी अडवण्याबरोबर इतर संकेतांचीही गरज असते. पण मुख्य धागा हाच आहे.

हा धागा फळमाशीपर्यंतही पोहोचतो. तिच्यात बीएमपी आणि कॉर्डिन यांची भावंडे असलेली प्रथिने तेच काम करतात. फक्त माशीचा मज्जारज्जू पोटाकडे असल्यामुळे पाठ आणि पोट यांची उलटापालट झालेली असते.

आपल्यापर्यंत

वॉडिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पक्ष्यांच्या भ्रूणातही संघटक असतो, असे दाखवले होते. पुढे ते एडिंबरो विद्यापीठात गेले. त्यांच्याकडे काम केलेल्या लीला मुल्हेरकर यांचा कोंबडीच्या भ्रूणातील प्रवर्तनावरचा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हाच्या पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी भ्रूणविकासाच्या अभ्यासाची परंपरा रुजवली. फ्रायबुर्गचा प्रश्न अशा वाटेने महाराष्ट्रातही पोहोचला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी मानवी मूलपेशींपासून संघटकासारखा पेशीसमूह तयार केला आणि तो कोंबडीच्या भ्रूणावर बसवला. तेथे दुसऱ्या शरीराची सुरुवात झाली. हिल्डे यांचाच प्रयोग, फक्त पाहुणा माणसाचा आणि यजमान कोंबडी.

वर्गात ही हकिकत सांगताना आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. निकाल लगेच सांगून टाकू नये. आधी दोन सारख्या रंगांच्या भ्रूणांचे चित्र काढावे, एकाचा तुकडा दुसऱ्यावर बसवावा आणि मुलांना विचारावे, की नवी मज्जानलिका कोणाची हे कसे ओळखाल? थोडा वेळ दिला, तर कोणीतरी रंगाची युक्ती सुचवतोच. मळलेल्या कणकेचे दोन गोळे, एकात हळद घालून, घेतले तर ती हातानेही करून दाखवता येते. प्रयोग म्हणजे नुसते काहीतरी करून पाहणे नव्हे. दोन शक्यतांपैकी एक नक्की खोटी ठरेल अशी मांडणी करणे म्हणजे प्रयोग, हे मुलांना यातून व्याख्येशिवाय कळते. आणि संघटकाचे स्पष्टीकरण सत्तर वर्षांनी उलटे झाले, तरी गडद पेशी गडदच राहिल्या, हेही त्यांना सांगावे.

पुढच्या पावसाळ्यात डबक्याकाठी मुलांना जरूर न्यावे. अंडी उचलून आणू नयेत. तेथेच भिंगातून, रोज ठरल्या वेळी पाहावीत आणि वहीत चित्र काढावे. कोणी विचारलेच, की पेशीला सांगते कोण, तर आता आपल्याला सांगता येईल : तिचे शेजारी सांगतात, आणि काही शेजारी दुसऱ्यांचे सांगणे तिच्यापर्यंत पोहोचू देत नाहीत.